जुन्या वस्तीतल्या साध्या हॉटेलात मुक्काम: आधी काय बघायचं आणि पैसे कधी द्यायचे

रात्री उशिरा दमून पोहोचायचं, काउंटरवर चारही दिवसांचे पैसे मोजायचे, वर जाऊन बॅग थेट गादीवर टाकायची. कपडे बाहेर काढून झाले की कळायचं, खिडकी बंद जिन्यात उघडते, आतली कडी लागत नाही आणि गरम पाणी सकाळी दोनच तास येतं. जुन्या वस्तीतल्या स्वस्त हॉटेलात राहून वैतागलेल्यांच्या हकिकती थोड्याफार फरकाने अशाच असतात. यातली प्रत्येक गोष्ट आधी कळू शकली असती. चुकलेला असतो तो क्रम. म्हणून इथे सगळं क्रमाने लिहिलं आहे. टप्पे मागेपुढे करू नका, विशेषतः सहावा आणि सातवा.

## टप्पा १: काय सोडता येणार नाही ते लिहून काढा

साध्या हॉटेलकडून तीन गोष्टी हक्काने मागाव्यात: स्वच्छ अंथरूण, चालू पाणी आणि नीट बंद होणारं दार. ऐसपैस खोली, टीव्ही, सामान उचलायला माणूस, हे नसतं म्हणूनच भाडं कमी असतं. त्यासाठी काउंटरवर वाद घालण्यात वेळ दवडू नका.

मात्र काही गरजा अशा असतात की त्या सोडल्या तर मुक्कामच बिघडतो, आणि त्या माणसागणिक वेगळ्या असतात. बरोबर कोणाचे गुडघे दुखतात? कोणाला दमा आहे? रात्री दोनतीनदा उठावं लागणारं कोणी आहे? तान्हं मूल आहे? प्रत्येकाची एक गरज कागदावर लिहा. दमा असेल तर ओल नसलेली खोली, रात्री उठावं लागत असेल तर खोलीतच संडास. पुढचे सगळे प्रश्न या कागदावरून ठरतात.

जिन्याचा हिशेब याच वेळी करा, कारण फसगत सर्वांत जास्त तिथेच होते. जुन्या इमारतींची छतं उंच असतात. एक मजला साडेतीन मीटरचा आणि पायरी १८ सेंटिमीटरची धरली, तर मजल्यामागे साधारण २० पायऱ्या होतात. तिसऱ्या मजल्यावरची खोली म्हणजे ६० पायऱ्या, आणि दिवसातून तीनदा येजा केली की १८० पायऱ्यांची चढण. पायऱ्या बहुधा अरुंद, मधोमध झिजलेल्या आणि अंधारातल्या असतात. तब्येतीला हे झेपणार नसेल तर खोली कितीही स्वस्त असो, शोध खालच्या मजल्यांपुरताच ठेवा.

## टप्पा २: अभिप्राय वाचा, सरासरी गुण बघू नका

जुन्या वस्तीतल्या हॉटेलला जागेसाठी भरभरून गुण मिळतात. बाहेरच्या गल्लीवर खूश झालेला पाहुणा आतल्या गादीलाही गुण देऊन मोकळा होतो. म्हणून सरासरीकडे दुर्लक्ष करा आणि असं वाचा:

1. गेल्या सहा महिन्यांतलेच अभिप्राय घ्या. हॉटेल चालवणारी माणसं बदलली की जुनी स्तुती आणि जुनी तक्रार दोन्ही निकामी होतात.
2. कमी गुण देणारे आधी वाचा. ‘खोली लहान’, ‘नाश्ता नाही’ हे सोडून द्या. ‘ढेकूण’, ‘ओल’, ‘कुलूप’, ‘ठरल्यापेक्षा जास्त पैसे’, ‘रात्रभर आवाज’ यातला एखादा शब्द वेगवेगळ्या महिन्यांत वेगवेगळ्या माणसांनी लिहिलेला दिसला, तर ती तक्रार खरी धरा.
3. फोटो पाहुण्यांनी काढलेलेच बघा. हॉटेलचे फोटो कोपऱ्यातून, रुंद कोनाच्या लेन्सने काढलेले असतात आणि खोली दीडपट वाटते. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये माणूस उभा राहील एवढी जागा दिसते का, आणि खिडकीतून बाहेरचं आकाश दिसतं का, एवढंच तपासा.
4. कोणी खोली क्रमांक लिहिला असेल तर टिपून ठेवा. जुन्या इमारतीत दोन खोल्या सहसा सारख्या नसतात. एकाला मिळालेली चांगली खोली म्हणजे सगळं हॉटेल चांगलं असं नव्हे.

मग नकाशा उघडा. खाली किंवा शेजारी दारूचं दुकान, बाजार, प्रार्थनास्थळ, बसचा थांबा यांपैकी काय आहे ते बघा. पहाटेची घंटा कोणी तुमच्यासाठी थांबवणार नाही, आणि थांबवावी असं म्हणणंही बरोबर नाही. लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. आपण आपली खोली वेगळ्या बाजूची मागावी.

## टप्पा ३: फोन करा आणि हे प्रश्न विचारा

ऑनलाइन बुकिंग करणार असाल तरीही फोन कराच. पाच मिनिटं लागतात, आणि समोरचा माणूस कसा बोलतो यावरूनही बरंच कळतं.

1. खिडकी उघड्या हवेत उघडते का? रस्त्याकडे की आतल्या चौकाकडे?
2. तळापासून खोलीपर्यंत किती जिने चढायचे? लिफ्ट असेल तर ती तळापासूनच सुरू होते का?
3. गरम पाणी कसं मिळतं आणि कोणत्या वेळी?
4. बाथरूम खोलीत आहे की सामाईक? सामाईक असेल तर किती खोल्यांत मिळून?
5. गाडी दारापर्यंत येते का? नसेल तर उतरायचं कुठे आणि तिथून किती चालायचं?
6. रात्री मुख्य दार कधी बंद होतं? नंतर काउंटरवर कोणी असतं का?
7. सांगितलेल्या भाड्यात सगळे कर धरले आहेत का? बऱ्याच शहरांत माणशी, दररात्री वेगळा पर्यटन कर असतो आणि तो हॉटेलवरच भरावा लागतो.
8. चेकआउट ठरलेल्या वेळी आहे की आल्यापासून २४ तासांनी?

पहिला प्रश्न तसाच्या तसा विचारा. ‘खिडकी आहे का?’ एवढंच विचारलं तर ‘आहे’ असंच उत्तर येतं. मी एकदा त्यावर समाधान मानलं होतं. खिडकी होती, पण ती बोळकांडीत उघडत होती, आणि येणाजाणारा प्रत्येक जण आत डोकावून जात होता. तीन रात्री ती बंदच ठेवावी लागली आणि खोलीत वारा नव्हता. त्यानंतर ‘उघड्या हवेत’ हे दोन शब्द मी कधी विसरलो नाही.

रस्त्याकडची की चौकाकडची, याला सरसकट उत्तर नाही. रस्त्याकडे उजेड आणि वारा असतो, पण आवाजही असतो. चौकाकडे शांतता असते, पण खालच्या मजल्यांवर ऊन पोचत नाही आणि भिंतींना ओल धरते. झोप सावध असेल तर चौकाकडची, पण वरच्या मजल्यावरची खोली मागा. दमा असेल तर रस्त्याकडची घ्या आणि कानात बोळे घाला.

‘मजला’ या शब्दानेही गोंधळ होतो. काही देशांत जमिनीवरच्या मजल्यालाच पहिला म्हणतात, काही ठिकाणी त्याच्या वरच्याला. जिनेच विचारले की हा घोळ मिटतो.

> तपासा: मिळालेली उत्तरं त्याच दिवशी हॉटेलला संदेशातून लिहून पाठवा: ‘बोलल्याप्रमाणे चौकाकडची खोली, दोन जिने, करांसह एवढं भाडं.’ ‘हो’ असं उत्तर आलं की काउंटरवर दाखवायला पुरावा झाला.

मुक्काम चार दिवसांचा असला तरी शक्य तिथे बुकिंग एकाच रात्रीचं करा आणि पुढचे दिवस खोली बघून वाढवा. गर्दीच्या दिवसांत हे जमणार नाही. तेव्हा रद्द करता येणारं बुकिंग घ्या आणि ते किती तास आधीपर्यंत रद्द होतं ते लिहून ठेवा.

## टप्पा ४: बॅग त्या गल्लीच्या हिशेबाने भरा

दगडी फरसबंदीवर बॅगेची छोटी चाकं अडकतात, तुटतात आणि रात्रीच्या वेळी सगळी गल्ली जागी करतात. पाठीवरची बॅग घ्या. ६० पायऱ्या एका दमात चढवता येईल एवढंच वजन ठेवा. बहुतेकांच्या बाबतीत ते १० किलोच्या आतच असतं. घरच्या जिन्यावर एकदा चढवून बघा.

नेहमीच्या सामानाखेरीज बॅटरी, लहान कुलूप, सुती चादर, उशीचा अभ्रा, स्लीपर, साबण, पंचा, कपडे वाळत घालायला पातळ दोरी आणि कानात घालायचे फोमचे बोळे घ्या. बोळे नुसते कानात ठेवून दिले तर उपयोग होत नाही. बोळा बोटांनी वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर आणि मागे ओढा, बोळा आत सरकवा आणि तो फुगेपर्यंत ३० सेकंद बोटाने धरून ठेवा. एवढं केलं की फरक लगेच कळतो.

> सावधान: पाणी तापवायचा रॉड किंवा इस्त्री नेऊ नका. ६ अँपिअरच्या सॉकेटला २३० व्होल्टवर जेमतेम १,३८० वॅट झेपतात, आणि जुन्या इमारतीतल्या तारांचा तर भरवसाच नसतो. फोनच्या चार्जरपलीकडे काही लावू नका.

## टप्पा ५: उजेडात पोहोचा

पहिल्यांदा जात असाल तर दिवस मावळायच्या आत पोहोचाल अशीच गाडी पकडा. उशीर होणार असेल तर फोन करून सांगा. न कळवता उशीर केला की खोली दुसऱ्याला दिली जाते, आणि अनेक ठिकाणच्या नियमांत ते बसतं.

फोनच्या नकाशावर पूर्ण विसंबू नका. अरुंद गल्लीत उपग्रहांचे सिग्नल भिंतींवर आपटून येतात, त्यामुळे तुमचा ठिपका शेजारच्या गल्लीत दिसू शकतो. नकाशा आधी उतरवून घ्या, पत्ता तिथल्या लिपीत लिहून ठेवा, आणि हॉटेलकडून ‘अमुक खुणेपासून डावीकडे तिसरं दार’ अशी खूण मागून घ्या. शेवटचा टप्पा खुणांवरच काढायचा असतो.

> सावधान: वाटेत कोणी ‘ते हॉटेल बंद झालं’, ‘भरलंय’, ‘चला, दुसरं दाखवतो’ असं म्हणालं तर थांबू नका. ही जुनी क्लृप्ती आहे. नव्या हॉटेलकडून त्याला दलाली मिळते आणि ती तुमच्याच भाड्यातून निघते. हॉटेलला स्वतः फोन करून विचारा, आणि तोही त्या माणसाने दिलेल्या नंबरवर नको.

## टप्पा ६: आधी खोली बघा

या लेखातला एकच टप्पा लक्षात ठेवायचा झाला तर हा ठेवा. काउंटरवर सरळ विचारा, ‘आधी खोली बघू का?’ साध्या हॉटेलात यात कोणालाही वावगं वाटत नाही. दोघं असाल तर एकाने सामानापाशी खाली थांबावं. एकटे असाल तर बॅग बाथरूमच्या फरशीवर ठेवा. पलंगावर किंवा गालिच्यावर नको. कारण पुढे येतंच.

दहा मिनिटं पुरतात. क्रम असा:

गिझर चालू करा. तापायला वेळ लागतो म्हणून हे सर्वांत आधी. १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर २० अंशांचं पाणी ६० अंशांवर न्यायला साधारण २० मिनिटं घेतो, म्हणजे दहा मिनिटांत पाणी चांगलं कोमट व्हायला हवं. तोवर थंड पाण्याचा नळ आणि शॉवर दोन मिनिटं सोडून ठेवा आणि फवाऱ्यापासून लांब उभे राहा. बरेच दिवस बंद खोलीच्या नळात साचलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचा जिवाणू वाढू शकतो आणि तो तुषारांतून श्वासावाटे आत जातो. पाणी निचरतं की तुंबतं हेही याच वेळी दिसतं.

> सावधान: बाथरूममध्ये गॅसचा गिझर असेल आणि हवा जायला खिडकी किंवा झरोका नसेल, तर ती खोली घेऊ नका. त्यातून तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि माणूस आंघोळ करताकरता बेशुद्ध पडतो. डोकं दुखणं, गरगरणं, मळमळणं यातलं काही जाणवलं तर ताबडतोब मोकळ्या हवेत या.

मग अंथरूण. चादर फक्त वरून बघू नका. गादीच्या कोपऱ्यांवरून ती उचला आणि बॅटरीच्या उजेडात गादीची शिवण बोटभर उलगडून बघा. ढेकूण साधारण ५ मिलिमीटरचा, सफरचंदाच्या बीएवढा, चपटा आणि तांबूस असतो. दिवसा तो बहुधा दिसत नाही; दिसतात त्याच्या खुणा: शाईच्या टोकाने टेकवल्यासारखे काळे ठिपके, फिकट कातीची टरफलं, चादरीवर रक्ताचे बारीक डाग. डोक्याकडच्या फळीची मागची बाजू आणि पलंगाचे सांधेही बघा. ढेकूण उडत नाही, उडीही मारत नाही. तो सामानातून घरी येतो. म्हणून बॅग गादीपासून लांब ठेवायची. खूण दिसली तर खोली बदलून मागा, पण शेजारची, वरची किंवा खालची नको, कारण ढेकूण भिंतींच्या फटींतून पलीकडे जातात.

दार. आत उभे राहून कडी लावा आणि बाहेरच्या माणसाला ढकलायला सांगा. कडी हलली, कोयंड्याचा स्क्रू सैल दिसला, किंवा चौकट तडकलेली असली तर तिथेच सांगा. पोटमाळ्याचं किंवा शेजारच्या खोलीत जाणारं दुसरं दार आहे का, हे विचारायला विसरू नका. वाडेवजा इमारतींच्या खोल्या पाडताना मधली दारं बऱ्याचदा तशीच राहिलेली असतात.

खिडकी आणि भिंती. उघडते का, बंद होते का, बाहेरून आत चढता येण्यासारखा सज्जा आहे का. भिंतीच्या तळाशी पोपडे किंवा कुबट वास म्हणजे ओल.

शेवटी पलंगावर बसा आणि अर्धा मिनिट गप्प राहा. पंप, पंखा, खालचं स्वयंपाकघर, लिफ्ट, सगळं ऐकू येईल. फोनला नेटवर्क आहे का तेही बघा. जाड दगडी भिंतींतून वायफाय नीट पोचत नाही. दोन नेटवर्क दिसत असतील तर ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झचं निवडा, ते भिंती जास्त ओलांडतं.

> तपासा: नापसंत असेल तर आत्ताच, शांतपणे आणि नेमकं सांगा: ‘या दाराची कडी बसत नाही, दुसरी खोली आहे का?’ नुसतं ‘खोली आवडली नाही’ म्हटलं तर समोरच्याला काही करता येत नाही. खोलीत तासभर काढून मग तक्रार केली तर तिचं वजन निम्मं होतं.

## टप्पा ७: आता पैसे आणि कागद

पसंत पडलेल्या खोलीचा क्रमांक घेऊनच काउंटरवर या. आधी एका रात्रीचे पैसे द्या, पावती घ्या आणि तिच्यावर खोली क्रमांक, तारखा, करांसह रक्कम आणि अनामत घेतली असेल तर तीही लिहून घ्या. फुटलेला आरसा किंवा तुटका नळ दिसला असेल तर फोटो काढून लगेच दाखवा.

ओळखपत्र बघणं आणि नोंद करणं हे हॉटेलचं काम आहे, ते द्या. पण मूळ पासपोर्ट किंवा ओळखपत्र मुक्कामभर त्यांच्याकडे ठेवू नका. प्रत द्या आणि मूळ कागद डोळ्यांदेखत परत घ्या.

> सावधान: रात्री खोलीतला फोन वाजला आणि ‘काउंटरवरून बोलतोय, तुमचं कार्ड चाललं नाही, नंबर पुन्हा सांगा’ असं कोणी म्हणालं, तर काहीही सांगू नका. खाली जाऊन समोरासमोर विचारा. असे फोन बाहेरचे भामटेही करतात.

## टप्पा ८: झोपण्यापूर्वीची पाच मिनिटं

दमलेला माणूस हे नेमकं टाळतो, आणि मला सर्वांत जास्त काळजी याच टप्प्याची वाटते. जुन्या इमारतींत लाकडी जिने असतात, कधीकधी बाहेर पडायला एकच वाट असते, आणि आगीचा धूर जिन्यानेच वर येतो.

आपल्या दारापासून जिन्यापर्यंत मध्ये किती दारं आहेत ती मोजा. धुरात डोळे उपयोगी पडत नाहीत. भिंतीला हात लावून, दारं मोजत, वाकून किंवा रांगत जावं लागतं. दुसरा जिना असेल तर तो उघडा आहे का ते स्वतः जाऊन बघा. अनेक ठिकाणी तिथे जुन्या गाद्या रचलेल्या असतात किंवा कुलूप असतं. कुलूप दिसलं तर किल्ली कोणाकडे असते ते विचारा. आग लागल्यावर लिफ्ट वापरायची नाही.

खोलीला आतून कुलूप लावत असाल तर किल्ली उशाशी, रोज एकाच जागी ठेवा. फोन, बॅटरी आणि चपला हाताशी असू द्या. पैसे दोन ठिकाणी विभागून ठेवा.

## टप्पा ९: राहताना

इथे फार सांगण्यासारखं नाही. सामाईक बाथरूम असेल तर सगळे उठतात त्याच्या अर्धा तास आधी जा. जुने नळ आणि गटारं अरुंद असतात, त्यामुळे संडासात कागद, कापड, केस टाकू नका. लाकडी जमीन असेल तर पहाटे निघण्याची बॅग आदल्या रात्रीच भरा; खालच्या खोलीत तुमचं प्रत्येक पाऊल ऐकू जातं. गल्लीतल्या ओट्यांवर, दारांत बसून रात्री गप्पा मारू नका. ती लोकांची घरं आहेत.

चादर बदलून किंवा झाडू मारून हवा असेल तर सकाळी बाहेर पडताना सांगा. माणसं मोजकी असतात. संध्याकाळी सांगितलं तर काम होत नाही. झाडणाऱ्या माणसाशी नीट बोला, त्याला इमारतीतलं सगळं माहीत असतं. गरम पाण्याची खरी वेळ मला नेहमी त्यांच्याकडूनच कळली आहे.

## टप्पा १०: सोडताना आणि घरी आल्यावर

1. आदल्या रात्री हिशेब मागा. पहाटे काउंटरवरचा माणूस अर्धवट झोपेत असतो आणि सुट्टे पैसे नसतात.
2. उशीखाली, दारामागच्या खुंटीवर, सॉकेटपाशी आणि वाळत घातलेल्या दोरीवर एकदा नजर टाका. मागे राहतं ते इथेच.
3. किल्ली हातात देऊन अनामत परत घ्या, मगच बॅग उचला.
4. गाडी संध्याकाळची असेल तर सामान ठेवायची सोय विचारा. बॅगेला आपलं कुलूप लावा आणि कागदपत्रं जवळ ठेवा.
5. घरी बॅग पलंगावर उघडू नका. कपडे थेट धुवायला टाका. कापडाला चालत असेल तर ६० अंशांच्या पाण्यात. जे धुता येत नाही ते बंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये निदान चार दिवस ठेवा. ढेकूण चावल्याची खूण काही जणांना दोन आठवड्यांपर्यंतही उशिरा दिसते, तेव्हा ‘काही चावलं नाही’ म्हणून हे टाळू नका.

मग त्याच आठवड्यात हॉटेलबद्दल अभिप्राय लिहा. खोली क्रमांक, तळापासून जिने, खिडकी कोणत्या बाजूला, गरम पाण्याची खरी वेळ, रात्री कशाचा आवाज आला आणि राहिल्याचा महिना, एवढं लिहिलं तरी पुढच्या माणसाचा दुसरा टप्पा निम्मा होतो.